पायाला क्रोम करण्याआधी: घरी बांधलेल्या विमानाचं लँडिंग गिअर, प्लेटिंग आणि ठिसूळ होणारं पोलाद

किट विमानाच्या पेट्या उघडल्या की लँडिंग गिअरचे पाय कागदात गुंडाळलेले, तेलकट आणि काळपट असे हातात येतात. शेजारी अॅल्युमिनियमचे पत्रे आरशासारखे चमकत असतात. मग नव्या माणसाच्या मनात हमखास येतं की यांना क्रोम करून घ्यावं, निदान झिंक तरी. "अहो दादा, मोटरसायकलच्या फोर्कला करतात की क्रोम, मग याला का नाही?" हा प्रश्न मला फोनवर कितीतरी जणांनी विचारलाय. मी उलट विचारतो, "पोलाद किती कडक आहे?" त्यावर बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. ही शांतता मोडावी म्हणून हा लेख: प्लेटिंगच्या वेळी कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊन अचानक तुटतं.

मी भोसरीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आणि आता इलिनॉयमध्ये घराच्या गॅरेजात दोन आसनी विमान बांधतोय. इथे अमेरिकेत हा छंद जुना आहे. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली, आणि आज दर उन्हाळ्यात तिथल्या ऑशकॉश गावच्या मेळाव्यात घरी बांधलेल्या विमानांच्या रांगाच्या रांगा लागतात. आपल्याकडे चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मुंबईकरांनी ते पाहिलं, आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईची मुलंही हे प्रश्न विचारू लागली. अमेरिकेच्या नियमानुसार अशा विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं. याचा अर्थ असाही होतो की पायाला क्रोम करायला निघालात, तर वाटेत हात धरणारं कुणी नसतं. शेवटची तपासणी होते तेव्हा पाय चकचकीत असतात आणि आतलं काही दिसत नाही.

आधी भोसरीतला एक सोमवार सांगतो, कारण तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

शनिवारी संध्याकाळी सर्कलिप्सचा, म्हणजे शाफ्टवर अडकवायच्या स्प्रिंगच्या कड्यांचा, लॉट झिंक होऊन टाकीतून निघाला होता. स्प्रिंग पोलादाच्या सर्कलिप्स, तेव्हा प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत बेकिंग, म्हणजे आत शिरलेला हायड्रोजन बाहेर काढायला काही तास तापवणं, हवंच. पण भट्टीत दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल होता. सुपरवायझर म्हणाले, "राहू दे रे, सोमवारी लावू." तपासणीसाठी दहा सर्कलिप्स आम्ही एका शाफ्टवर ताणून बसवल्या होत्या, त्या तशाच टेबलावर राहिल्या. सोमवारी सकाळी कुलूप मीच उघडलं. शाफ्टवर सहाच होत्या. उरलेल्या चार तुकडे होऊन टेबलावर आणि फरशीवर पडल्या होत्या. रविवारभर कारखान्यात कुणीच आलं नव्हतं. एक तुकडा भिंगाखाली धरला तर तुटलेलं तोंड खडीसाखर फोडल्यासारखं, दाणेदार आणि चमकणारं. कुठे वाकल्याची खूण नाही, की ताणून बारीक झाल्याची नाही.

एरवी पोलाद तुटण्याआधी कुरकुरतं. वाकतं, ताणतं, रंग सोडतं. इथे तसलं काहीच होत नाही, आणि तुटायला मोठा धक्काही लागत नाही. अंगावर सतत थोडा ताण आणि हाताशी वेळ, एवढं पुरतं. विमान हँगरमध्ये उभं असतं तेव्हा त्याच्या पायांवर नेमकं हेच असतं.

आत काय घडतं

प्लेटिंगआधी गंज काढायला वस्तू ॲसिडमध्ये बुडवतात, त्याला पिकलिंग म्हणतात. ॲसिड लोखंड खातं आणि हायड्रोजन सुटतो. पुढे प्लेटिंगच्या टाकीत तुमची वस्तू कॅथोड असते, म्हणजे धातूचा थर जिथे बसतो तिथेच हायड्रोजनही तयार होतो. त्यातला बराचसा बुडबुडे होऊन वर जातो. काही मात्र सुट्या अणूंच्या रूपात पोलादात शिरतो. हायड्रोजनचा अणू इतका लहान की लोखंडाच्या जाळीतून तो वाट काढत फिरतो, आणि जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो: आट्यांच्या मुळाशी, भोकाच्या कडेला, वाकाच्या आतल्या बाजूला, एखाद्या ओरखड्याच्या टोकाशी. तिथली पकड ढिली होते, सूक्ष्म चीर पडते, चिरेच्या टोकाला ताण आणखी वाढतो, आणि मग आणखी हायड्रोजन तिकडे धावतो.

ही गोष्ट नवी नाही. १८७५ मध्ये विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं की ॲसिडमध्ये ठेवलेली तार ठिसूळ होते, आणि मोडलेलं तोंड ओलं केलं तर त्यातून फेस येतो. तो फेस म्हणजे बाहेर पडणारा हायड्रोजन. आणि हा प्रकार लहानसहान क्लिपांपुरताच आहे असंही समजू नका. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर मार्च २०१३ मध्ये तीन इंच जाडीच्या ९६ गॅल्व्हनाइज्ड दांड्या ताणल्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या ३२ तुटल्या. कारण हेच. तिथे दांड्यांच्या भोकांत साचलेल्या पाण्याचाही हात होता.

सगळ्या पोलादाला हा रोग सारखा जडत नाही. मऊ पोलाद थोडं वाकतं आणि ताण वाटून घेतं. कडक पोलादाला वाकता येत नाही, म्हणून ते चिरतं. जितकं कडक, तितका कमी हायड्रोजन पुरतो.

पहिली पायरी: पायाचं पोलाद ओळखा

घरगुती विमानांत पोलादाचे पाय ढोबळमानाने दोन जातींचे.

एक जात वेल्ड केलेल्या नळ्यांची. पायपर कब या जुन्या छोट्या विमानाच्या धर्तीवरचे त्रिकोणी पाय, धक्का झेलायला रबरी बंजी किंवा स्प्रिंग. नळ्या ४१३० क्रोमोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या), नॉर्मलाइज्ड, म्हणजे तापवून हवेत गार होऊ दिलेल्या. त्यांची ताकद साधारण ६२० ते ६५० मेगापास्कल, म्हणजे पोलादांच्या जगात मध्यम.

दुसरी जात स्प्रिंग पोलादाची. ऑशकॉशच्या स्टीव्ह विटमन यांनी आपल्या रेसिंग विमानांवर हा साधा पाय रुजवला: एकच पट्टी किंवा दांडी, ना नळ्या ना बंजी. सेस्नाने पुढे ती कल्पना घेतली. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतल्या अनेक विमानांना अशीच निमुळती गोल दांडी असते. ही दांडी ६१५० सारख्या पोलादाची, उष्णता देऊन कडक केलेली, बहुधा ४० एचआरसीच्या (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) पुढची. शेपटीकडच्या चाकाची पाटा-स्प्रिंगही याच घरातली.

आकडा अंदाजाने ठरवू नका. किटच्या कागदांत किंवा हीट ट्रीटमेंटच्या सर्टिफिकेटमध्ये तो असतो, नसेल तर किटवाल्याला विचारा. तेही जमलं नाही तर जवळच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे रॉकवेल मशीनवर मोजून घ्या. फक्त मोजण्याची जागा किटवाल्याला विचारूनच ठरवा, कारण रॉकवेलचा ठसा म्हणजे पायावर एक खड्डाच. गोल दांडीवर मशीन थोडा कमी आकडा दाखवतं, त्याची दुरुस्ती करायला सांगा. कानस घासून बघणं इथे निरुपयोगी आहे. कानशीला ३० आणि ४५ यांतला फरक कळत नाही, आणि आपला सगळा प्रश्न त्या दोन आकड्यांच्या मध्येच आहे.

दुसरी पायरी: आकड्यावरून निर्णय

३१ एचआरसीच्या आत, म्हणजे साधारण १००० मेगापास्कलपेक्षा कमी ताकद असेल, तर हायड्रोजनची धास्ती फारशी नाही. ३१ ते ४० मध्ये प्लेटिंग करता येतं, पण बेकिंग हवंच. ४० च्या वर गेलात तर माझा सल्ला सरळ आहे: लँडिंग गिअरच्या पायाला इलेक्ट्रोप्लेटिंग करू नका. मोठ्या विमानांच्या गिअरवर करतात, खरं आहे. पण तिथे टाकीचं रसायन त्यासाठीच ठरवलेलं असतं, प्रत्येक बॅचबरोबर खाच पाडलेले चाचणीचे नमुने जातात, आणि ते नमुने तुटण्याच्या भाराच्या ७५ टक्क्यांवर २०० तास टांगून ठेवतात. कोपऱ्यावरच्या बंपर-क्रोमवाल्याकडे यातलं काही नसतं, आणि तो बिचारा तसा दावाही करत नाही.

क्रोमचं आणखी एक दुखणं आहे आणि ते बेकिंगने जात नाही. जाड क्रोमच्या थरात मुळातच बारीक चिरा असतात आणि थर ताणलेल्या अवस्थेत बसतो. स्प्रिंगचा पाय प्रत्येक लँडिंगला आणि प्रत्येक टॅक्सीला, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, वाकतो. त्या चिरा आतल्या पोलादाला वाट दाखवतात आणि थकव्याची ताकद, म्हणजे पुन्हा पुन्हा वाकूनही न तुटण्याची ताकद, घटते. म्हणूनच हार्ड क्रोमच्या आधी शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक छर्रे मारणं) करायची पद्धत आहे. फोर्कची नळी फारशी वाकत नाही, ती सीलमधून सरकते, म्हणून तिला क्रोम चालतो. तुमचा पाय वाकण्यासाठीच केलेला असतो.

तिसरी पायरी: घरच्या घरी गंज काढताना

माझ्या अनुभवात खरी गफलत इथेच होते, कारण माणूस म्हणतो "मी कुठे प्लेटिंग करतोय?" आणि निर्धास्त होतो.

कडक पायाला हायड्रोक्लोरिक ॲसिड लावू नका, फरशी धुवायचं पातळ केलेलंही नाही. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवू नका. ॲसिडवाला पेंट रिमूव्हर नको. आणि ती बॅटरी चार्जर आणि धुण्याच्या सोड्याची युक्ती, ज्यात गंजलेली वस्तू ऋण टोकाला जोडून पाण्यात सोडतात, ती तर मुळीच नको. त्यात ॲसिड नाही म्हणून लोक तिला सौम्य समजतात. पण वस्तूवरून जे बुडबुडे निघताना दिसतात तो हायड्रोजनच आहे, म्हणजे तुम्ही प्लेटिंगच्या टाकीतला निम्मा प्रकार अंगणात करताय. गॅरेजच्या छिन्नी-हातोड्यांना ही युक्ती उत्तम. स्प्रिंगच्या पायाला नाही. पार्कराइझिंग म्हणजे फॉस्फेटचा थर आणि बिनविजेचं निकेल, यांतही हायड्रोजन सुटतोच.

वरवरचा गंज बारीक एमरीने, पायाच्या लांबीच्या दिशेने घासून काढा. आडवे ओरखडे नकोत, वाकताना चीर आडवीच पडते. गंज खोल असेल तर बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडचं ब्लास्टिंग करा, म्हणजे दाबाच्या हवेने त्याचे कण मारून साफ करा. घासून झाल्यावरही नखाला लागेल असा खड्डा उरला, तर पाय किटवाल्याला दाखवा.

चौथी पायरी: प्लेटिंग करायचंच असेल तर

हे ब्रॅकेट, ॲक्सलचे लहान भाग, ३१ ते ४० मधले तुकडे यांच्यासाठी. प्लेटिंगवाल्याशी आधी बोला, आणि बोललेलं कागदावर लिहून द्या. पोलादाची जात आणि कडकपणा लिहा. कडक केल्यानंतर वस्तू ग्राइंड किंवा सरळ केली असेल तर तेही लिहा, कारण अशा वस्तूचा आतला ताण प्लेटिंगच्या आधी भट्टीत उतरवावा लागतो. पिकलिंग टाळून ब्लास्टिंगने साफ करायला सांगा.

मग बेकिंग. टाकीतून निघाल्यापासून ४ तासांच्या आत वस्तू भट्टीत गेली पाहिजे, सुमारे १९० अंश सेल्सिअसवर. ३१ ते ४० मधल्या पोलादाला किमान ८ ते १२ तास, आणि ताकद वाढेल तसे तास वाढतात. ४० च्या पुढच्या कॅडमियम केलेल्या भागांसाठी २३ तास धरतात. इतका वेळ का, तर हायड्रोजनला बाहेर पडायचं असतं ते वरच्या नव्या थरातून, आणि झिंक काय, चकचकीत कॅडमियम काय, झाकणासारखे घट्ट बसतात. ४ तासांची घाई अशासाठी की तेवढ्यात सूक्ष्म चिरा पडू लागतात, आणि पडलेली चीर भट्टी सांधत नाही. आमच्या त्या सर्कलिप्स सोमवारी भट्टीत घालून काहीही साधलं नसतं. सगळा लॉट भंगारात गेला, तेच योग्य झालं.

एक खूण सांगतो. झिंक किंवा कॅडमियमवरचा पिवळसर सोनेरी रंग हा क्रोमेटचा थर, आणि तो बेकिंगच्या तापमानाला टिकत नाही. म्हणून क्रम असतो प्लेटिंग, बेकिंग, मग क्रोमेट. प्लेटिंगवाला म्हणाला की "पिवळं करून देतो, बेकिंग नंतर बघू", तर माल उचला आणि दुसरीकडे जा. भट्टीचा चार्टही मागा, वेळ आणि तापमान छापलेला. चांगला माणूस आनंदाने देतो. आमच्याकडे असा चार्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा जॉब सगळे जास्त काळजीने हाताळायचे, हे मी आतल्या बाजूने पाहिलंय.

स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी वापरू नका. त्याचं तापमान वीस-वीस अंशांनी झुलतं, आणि कॅडमियम विषारी आहे. कॅडमियम केलेली वस्तू घासू नये, तिच्यावर वेल्डिंग तर कधीच करू नये. तो धूर जीव घेतो.

वेल्ड केलेल्या नळ्यांचं वेगळं दुखणं

४१३० नॉर्मलाइज्ड नळी मऊ, मग तिला क्रोम चालेल? पोलादापुरतं बोलायचं तर बहुधा चालेल. तरी मी करणार नाही. वेल्डच्या शेजारची पट्टी पटकन थंड होऊन बाकीच्या नळीपेक्षा बरीच कडक झालेली असू शकते, आणि हवाबंद वाटणाऱ्या वेल्डला सुईएवढं छिद्र असू शकतं. टाकीत वस्तू तापते, बाहेर काढल्यावर गार होते, आणि आतली हवा आकसून त्या छिद्रातून ॲसिड आत ओढून घेते. मग पाय बाहेरून झळाळतो आणि आतून महिनोन् महिने खाल्ला जातो. पुढे बेकिंगला ठेवला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन बंद नळी फुटण्याचीही भीती. अशा पायाला ब्लास्टिंग, इपॉक्सी प्रायमर आणि पेंट द्या. आतून जवसाचं तेल किंवा गंजरोधक तेल घालून फिरवा, निथळू द्या आणि भोक बंद करा. जुन्या बांधणाऱ्यांची ही रीत आजही तितकीच चांगली आहे.

माझ्या पायांना मी काय केलं

तेल सॉल्व्हंटने पुसलं. बारीक ब्लास्टिंग केलं, आट्या आणि बेअरिंगच्या जागा टेपने झाकून. ब्लास्ट केलेलं उघडं पोलाद फार हावरं असतं. पुण्याच्या जुलैत सकाळी ब्लास्ट केलेल्या वस्तूवर दुपारच्या चहापर्यंत तांबूस छटा येते, आणि घामेजल्या हाताने धरलंत तर बोटांचे ठसे गंजून वर येतात. म्हणून हातमोजे घालून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले आणि नंतर पॉलियुरेथेन पेंट. फेअरिंग (हवेचा अडथळा कमी करणारं आवरण) बसवायला पायात भोक पाडलं नाही, त्यावर काही वेल्ड केलं नाही, नंबरही ठोकला नाही.

पावडर कोटिंगबद्दल बरेच जण विचारतात. त्याची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची, त्यामुळे किटवाल्याची हरकत नसेल तर तापमानाची अडचण येत नाही. पण दुकानात आधी वस्तू कशी साफ करतात ते बघा. तिथेही ॲसिडची टाकी असते, आणि सांगितलं नाही तर तुमचा पाय गेटच्या जाळीबरोबर त्याच टाकीत जातो. शिवाय पावडरचा थर जाड आणि लवचीक, खाली चीर पडली तरी तो वर अखंड राहू शकतो. मला पातळ पेंट आवडतो तो यासाठीच.

बोल्ट

विमानाचे एएन (आर्मी-नेव्ही मानकाचे) बोल्ट, डोक्यावर फुलीसारखी खूण असलेले, सुमारे ८६० मेगापास्कल ताकदीचे आणि कारखान्यातूनच कॅडमियम होऊन येतात. थर झिजला तर बोल्ट बदला, पुन्हा प्लेटिंगला पाठवू नका. हार्डवेअरच्या दुकानातले १२.९ चे ॲलन बोल्ट ३९ एचआरसी आणि त्यापुढचे असतात. ते सहसा काळेच विकतात, आणि त्यांना झिंक करून "आता गंजणार नाही" म्हणत गिअरमध्ये लावणं हा या विषयातला सगळ्यात सोपा अपघात आहे. पिळताना काही होत नाही, टॉर्कही बरोबर लागतो. दोन दिवसांनी डोकं तुटून खाली पडलेलं सापडतं.

आधीच क्रोम केलेला पाय हाती आला तर

जुनं, अर्धवट बांधलेलं विमान विकत घेणाऱ्यांसाठी हे. बेकिंगचा चार्ट मागा. नसेल आणि पाय स्प्रिंग पोलादाचा असेल, तर मी तो बदलेन. आता भट्टीत घालून उपयोग नाही, आणि क्रोम ॲसिडने उतरवला तर पुन्हा हायड्रोजन. निर्णय घेईपर्यंत विमान पायांवर उभं ठेवू नका, फ्युजलाज (विमानाचं धड) घोडीवर घ्या. चीर शोधायला डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा रंग) पुरत नाही, कारण थराखालची चीर पृष्ठभागापर्यंत आलेली नसते. पातळ थर असेल तर मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी चालते, त्यात पाय चुंबकित करून लोखंडाची पूड चिरेवर जमते का ते बघतात. ती झाल्यावर पाय डिमॅग्नेटाइज करून घ्या, नाहीतर होकायंत्र भलतीच दिशा दाखवू लागेल.

माझे पाय पांढरे आहेत. पांढऱ्यावर गंजाची केसाएवढी तांबूस रेघ लगेच दिसते. दर २५ तासांच्या उड्डाणानंतर मी फेअरिंग काढणार आहे, चाकं जमिनीवरून उचलून पाय मोकळे करणार आहे, आणि टॉर्च आडवा धरून तीन जागा बघणार आहे: पाय फ्युजलाजच्या सॉकेटमध्ये शिरतो तिथली कड, बोल्टच्या भोकाभोवतीचं कडं, आणि ॲक्सलजवळ दांडी बारीक होते तो खांदा. बघायच्या आधी स्वच्छ फडक्याने पुसायचं आणि फडकंही बघायचं. चिरेच्या कडेवर त्याचा धागा अडकतो.